फूट त्यांची, अरिष्ट कुणाचे?

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. दोन्ही वेळी वर्तमानपत्रांपासून गावच्या चहाच्या टपरीपर्यंत एकच शब्द ऐकू येत होता : राजकीय पेचप्रसंग. स्त्री-संघटनांच्या बैठकांतही तो आला, आणि आजही पक्षफुटीचा विषय निघाला की आपल्यात दोन तट पडतात. काही मैत्रिणी म्हणतात, ही लोकशाहीची हत्या आहे, अशा वेळी संघटनांनी एका गटाच्या बाजूने जाहीर भूमिका घेतली पाहिजे. दुसऱ्या मैत्रिणी म्हणतात, ही पुरुषांची भाऊबंदकी आहे. सत्तेच्या वाटणीवरून ते भांडतात, आपण त्यात का पडायचे?

मला दोन्ही भूमिका चुकीच्या वाटतात. पहिली भूमिका नेत्यांचे संकट आपल्या माथी मारून घेते. दुसरी भूमिका त्या भांडणाची किंमत कोण मोजते हे पाहायचेच नाकारते. आपण मुळात विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे : पक्ष फुटला म्हणजे राजकीय अरिष्ट आले असे कुणी ठरवले, आणि कशावरून?

पेच आणि अरिष्ट

पेच म्हणजे डावपेचातली अडचण. आमदार किती, सही कुणाची, व्हिप कुणाचा, चिन्ह कुणाला, हे सारे पेच आहेत. ते वकील सोडवतात, न सुटले तर हॉटेलात सोडवले जातात. अरिष्ट ही वेगळी गोष्ट आहे. आपले जगणे ज्यांच्या निर्णयांवर अवलंबून आहे त्यांना जाब विचारण्याची जागाच जेव्हा माणसांच्या हातून जाते, तेव्हा त्याला राजकीय अरिष्ट म्हणावे. ही कसोटी लावली तर नुसती पक्षफूट हे अरिष्ट ठरत नाही. पक्ष ही माणसांनी एकत्र येऊन केलेली संघटना आहे. विचार पटेनासा झाला तर माणसे वेगळी होतील, आणि कधी कधी ती झालीच पाहिजेत.

याचे उदाहरण शोधायला आपल्या खानदेशाबाहेर जायला नको. १९७८ साली धुळ्याचे कॉ. शरद पाटील मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. वाद कशावर होता? वर्गाबरोबर जातीचा प्रश्न घ्यायचा की नाही, यावर. त्यांचे म्हणणे पटो न पटो, ते त्यांनी लिहून मांडले, छापले, त्यावर वर्षानुवर्षे वाद घातला. ‘दासशूद्रांची गुलामगिरी’ या ग्रंथात त्यांनी स्त्रीसत्तेचा इतिहास शोधला, आणि स्त्री-चळवळीतल्या कित्येकींना त्या मांडणीने विचार करायला लावले. त्या फुटीतून कुणाला मंत्रिपद मिळाले नाही. कुणाला विमानाने परराज्यात न्यावे लागले नाही. या फुटीला पेचप्रसंग म्हणायची कुणालाही गरज वाटली नाही, कारण ती खरोखरच राजकारण होती.

म्हणून फुटीला भिण्याचे कारण नाही. विचारायचे ते एवढेच : फुटताना कुणाला विचारले, आणि फुटल्यावर कुणाचे काय गेले?

चाळीस दिवस आणि चव्वेचाळीस दिवस

२० जून २०२२ रोजी विधान परिषदेची निवडणूक झाली. शिवसेनेच्या दोन उमेदवारांपैकी एक आपल्या जिल्ह्यातले आमश्या पाडवी होते. ते निवडून आले, आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे व त्यांच्यासोबतचे आमदार सुरतेकडे निघाले. पुढे मार्च २०२४ मध्ये आमश्या पाडवी शिंदे यांच्या पक्षात गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अक्कलकुव्याचे आमदार झाले. आपल्या जिल्ह्याचा या फुटीशी संबंध आहे तो असा, पहिल्या रात्रीपासूनचा.

सुरतेचा रस्ता नंदुरबारच्या बाईला नवा नाही. दिवाळी झाली की सातपुड्यातून नवरा-बायकोच्या जोड्या उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. बारडोली, सुरत हा त्यांचा ठरलेला मुलूख. पोटातले पोर, कडेवरचे पोर आणि हातात कोयता घेऊन बाई सुरतेकडे जाते तेव्हा त्याला स्थलांतर म्हणतात, आणि ती होळीला परत येईपर्यंत तिचे रेशन, तिची अंगणवाडी, तिच्या मुलीची शाळा यांचे काय झाले हे कुणी विचारत नाही. आमदार सुरतेला गेले तेव्हा मात्र सारा देश टीव्हीसमोर बसला.

२९ जूनला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री आणि देवेंद्र फडणवीस उपमुख्यमंत्री झाले. त्यानंतर ९ ऑगस्टपर्यंत, म्हणजे चाळीस दिवस, या राज्याचे मंत्रिमंडळ दोन माणसांचे होते. खाती वाटली गेली १४ ऑगस्टला. जिल्ह्यांना पालकमंत्री मिळाले २४ सप्टेंबरला. जिल्हा नियोजनातल्या नव्याने मंजूर झालेल्या कामांना जुलैच्या सुरुवातीलाच स्थगिती दिली होती; पालकमंत्री आले की ती पुन्हा तपासायची होती.

जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर हे तीन महिने धडगाव आणि अक्कलकुव्यात कसे असतात ते आपल्याला ठाऊक आहे. नाले भरतात, रस्ते तुटतात, बाळंतपणाला निघालेल्या बाईला बांबूला बांधलेल्या झोळीतून डोंगर उतरवावा लागतो. त्या झोळीला लोकांनी थट्टेने ‘बांबूलन्स’ नाव ठेवले आहे. घरातले धान्य संपत आलेले असते, पोरांची वजने उतरलेली असतात. नेमक्या याच तीन महिन्यांत जिल्ह्याला जबाबदार मंत्री नव्हता. त्या पावसाळ्यात एका कार्यालयात महिलांविषयीच्या समितीची बैठक कधी, असे विचारायला गेले तेव्हा मला उत्तर मिळाले, “आधी पालकमंत्री तर ठरू द्या.”

त्याच ऑगस्टच्या सुरुवातीला धडगाव तालुक्यात एका आदिवासी तरुणीचा मृतदेह गळफास लागलेल्या अवस्थेत सापडला. पोलिसांनी आत्महत्या म्हणून नोंद केली. वडिलांचे म्हणणे होते की तिच्यावर बलात्कार करून तिला मारले आहे, आणि शवविच्छेदनात त्या दृष्टीने तपासणीच झालेली नाही. त्यांनी अंत्यविधी केला नाही. खड्डा खणून लेकीचा देह मिठात ठेवला आणि दुसऱ्या शवविच्छेदनाची मागणी करत राहिले. चव्वेचाळीस दिवस. सप्टेंबरच्या मध्यावर तो देह मुंबईला जे. जे. रुग्णालयात नेण्यात आला.

त्या मृत्यूचे सत्य काय हे ठरवणे तपासाचे आणि न्यायालयाचे काम आहे. पक्ष फुटला म्हणून ही घटना घडली असेही मी म्हणत नाही. आदिवासी बाईच्या मृत्यूची नोंद घाईने ‘आत्महत्या’ अशी करण्याची सवय कोणत्याही फुटीपेक्षा जुनी आहे. माझा मुद्दा एवढाच आहे की एका बापाला मुलीचे शव पुन्हा तपासा एवढे म्हणण्यासाठी चव्वेचाळीस दिवस मीठ वापरावे लागते, याला अरिष्ट म्हणतात. तो देह सापडला तेव्हा राज्याला दोन मंत्री होते. तो मुंबईला निघाला तेव्हाही जिल्ह्याला पालकमंत्री नव्हता. आणि त्या दिवसांत महाराष्ट्र काय पाहत होता? खरी शिवसेना कोणती, हे.

अठरा मंत्री, बाई एकही नाही

९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. २०२२ साली याच दिवशी मंत्रिमंडळाचा विस्तार झाला. नंदुरबारचे विजयकुमार गावित आदिवासी विकास मंत्री झाले. एकूण अठरा मंत्र्यांनी शपथ घेतली. त्यांत एकही बाई नव्हती. तरुणीच्या मृत्यूच्या प्रकरणावरून २०२१ मध्ये ज्यांना मंत्रिपद सोडावे लागले होते ते गृहस्थ मात्र होते. महिला व बालविकास खाते मंगलप्रभात लोढा यांच्याकडे गेले. ज्या राज्याने १९९४ मध्ये देशातले पहिले महिला धोरण जाहीर केले म्हणून आपण अभिमान बाळगतो, त्या राज्याच्या मंत्रिमंडळात ३० जून २०२२ ते २ जुलै २०२३ या काळात एकही महिला नव्हती. याला कुणी पेचप्रसंग म्हटले? राज्यपालांना रात्रीत पत्र लिहावेसे कुणाला वाटले?

या बिनबायकांच्या वर्षात त्या खात्याने तातडीने काय केले तेही लक्षात ठेवू या. १३ डिसेंबर २०२२ रोजी आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह केलेल्यांची माहिती घेण्यासाठी समिती नेमण्याचा शासननिर्णय निघाला. ओरड झाल्यावर दोन दिवसांत ‘आंतरजातीय’ शब्द वगळला, ‘आंतरधर्मीय’ ठेवला. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींची लग्ने लागतात तिथे सरकारचे लक्ष जात नाही. सज्ञान मुलीने स्वतःच्या मर्जीने लग्न केले की जाते.

पण हे सांगताना आधीच्या सरकारला मोकळे सोडायचे कारण नाही. महाविकास आघाडीच्या काळात, फेब्रुवारी २०२० पासून ऑक्टोबर २०२१ पर्यंत, राज्य महिला आयोगाला अध्यक्षच नव्हती. टाळेबंदीत घराघरांतली मारहाण वाढल्याची ओरड आपण सगळ्या करत होतो, तेव्हा ती खुर्ची रिकामी होती. आणि एप्रिल २०२२ मध्ये, फुटीच्या दोनच महिने आधी, राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयाला सांगितले होते की सोळा आदिवासी जिल्ह्यांत तीन वर्षांत १५,२५३ बालविवाह झाले आणि ६,५८२ मुले कुपोषणाने दगावली. त्यांतल्या ६०१ मुलांच्या आया स्वतःच अल्पवयीन होत्या. सर्वांत जास्त मृत्यू नंदुरबार जिल्ह्यातले होते. आपले आदिवासी विकास मंत्री तेव्हाही नंदुरबारचेच होते, काँग्रेसचे के. सी. पाडवी.

म्हणजे फुटीच्या आधी एक मंत्री नंदुरबारचा, फुटीनंतर दुसरा मंत्री नंदुरबारचा. मधल्या चाळीस दिवसांना पेचप्रसंग म्हणायचे आणि आधीच्या ६,५८२ मृत्यूंना आकडेवारी, ही भाषा मला मान्य नाही. एका गटाच्या बाजूने भूमिका घ्या म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी एवढेच विचारते : यांपैकी कुठल्या गटाने सत्तेवर असताना या आकड्यांचा जाब दिला?

मोजणीत आपण कुठे होतो?

आता दुसऱ्या मैत्रिणींकडे वळते. ‘पुरुषांचे भांडण, आपल्याला काय’ हे म्हणणे सोपे आहे. पण त्या भांडणाचा निवाडा ज्या पद्धतीने झाला ती पद्धत आपल्याला मुळापासून वगळणारी आहे, म्हणून तिच्याकडे पाहिलेच पाहिजे.

पक्षांतरबंदी कायदा १९८५ साली आला. तेव्हा त्यात पळवाट होती : एक-तृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’, आणि मग शिक्षा नाही. २००३ च्या घटनादुरुस्तीने ही पळवाट बंद केली. म्हणजे आज फूट हा शब्द कायद्यात बचाव म्हणून उरलेलाच नाही. म्हणूनच दोन्ही वेळी कुणीही ‘आम्ही फुटलो’ असे म्हटले नाही. सगळे म्हणाले, ‘आम्हीच खरा पक्ष.’ मग खरा पक्ष कोणता हे कसे ठरले? निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेनेचे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. पक्षाची घटना लोकशाहीला धरून नाही म्हणून ती कसोटी बाजूला पडली, आणि शेवटी मोजले गेले ते आमदार, खासदार आणि त्यांना पडलेली मते. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादीचे घड्याळही आमदारांच्या संख्येवरच अजित पवार गटाकडे गेले.

याचा आपल्या दृष्टीने अर्थ काय? प्रत्येक पक्षाची महिला आघाडी असते. सभेला बायका आणायच्या, हळदीकुंकू घालायचे, मोर्चात पुढे राहून पोलिसांच्या काठ्या झेलायच्या, घरोघर स्लिपा वाटायच्या, ही त्या आघाडीची कामे. पक्ष उभा राहतो तो या फुकट श्रमावर. घरकामासारखेच हे काम : केले तर दिसत नाही, नाही केले तर घर चालत नाही. पण पक्ष कुणाचा हे ठरवायची वेळ आली तेव्हा या बायकांची मोजणी झाली नाही. त्या सदस्य असतील, पदाधिकारी असतील, वीस-वीस वर्षे राबलेल्या असतील. त्यांच्या मताचे वजन शून्य. मोजले गेले ते आमदार, आणि २०२४ च्या निवडणुकीनंतरही या विधानसभेत शंभरात दहा बायका नाहीत. मग पक्षाची मालकी ठरवताना बाई कुठे येणार?

जाब विचारायची उरलेली जागा म्हणजे विधानसभेचे अध्यक्ष. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राज्यपालांनी बहुमत चाचणी घ्यायला लावणे योग्य नव्हते, शिंदे गटाच्या प्रतोदाला अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदेशीर होती. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाताच राजीनामा दिल्यामुळे मागचे सरकार परत आणता येणार नाही. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी करावा. अध्यक्षांनी तो १० जानेवारी २०२४ रोजी दिला : दोन्हीकडचे कुणीच अपात्र नाही. दीड वर्ष लागले, आणि निष्पन्न काय, तर सगळे आपापल्या जागी.

आमच्या सातपुड्यात भिल्ल-पावरा समाजात बाईने नवरा सोडून दुसरे घर केले तर पंच बसतात. देज किती दिले होते, दुसऱ्याने किती भरायचे, दंड किती, याचा हिशोब होतो. ही रीत चांगली आहे असे मी म्हणणार नाही. त्या बैठकीत बाईची किंमत पुरुष ठरवतात आणि तिला बोलू देत नाहीत. याच पंचांपुढे एखादीला डाकीण ठरवल्याचीही उदाहरणे आहेत. पण एवढे मात्र खरे की एक घर सोडून दुसऱ्या घरात गेलेल्या बाईला तिथे हिशोब चुकत नाही. एका पक्षाच्या नावावर मते घेऊन दुसऱ्याच्या मांडीवर बसलेल्या आमदाराला मात्र हिशोब नाही. मतदाराने दिलेले देज कुणी परत करायचे?

घर फोडणारी कोण?

पक्ष फुटला की एक जुनी भाषा वर येते. ‘बांगड्या भरा’, ‘मर्द असाल तर समोर या’, साडीचोळीचा आहेर. दोन्ही बाजू हीच भाषा बोलतात, आणि बांगड्यांचे ताट घेऊन मोर्चात पुढे उभे करतात ते महिला आघाडीला. बांगडी भरलेल्या हातांनी ऊस तोडला जातो, दगड फोडला जातो, डोंगर चढून पाणी आणले जाते. तरी ती भित्रेपणाची खूण. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका मंत्र्याने एका महिला खासदाराला कॅमेऱ्यासमोर शिवी दिली. ते मंत्रिपदावरच राहिले.

राष्ट्रवादीच्या फुटीत तर घर आणि पक्ष यांतला पडदाच गळून पडला. २०२४ च्या लोकसभेला बारामतीत नणंद-भावजय समोरासमोर उभ्या केल्या गेल्या. भांडण काका-पुतण्याचे, रिंगणात बायका. त्या प्रचारात मूळचे पवार कोण आणि बाहेरून आलेले कोण, हा भेद खुद्द शरद पवारांच्या बोलण्यात आला. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला असे त्यांनी नंतर सांगितले. पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक सुनेला तो शब्द ओळखीचा वाटला. तीस-चाळीस वर्षे ज्या घरात राबायचे त्या घरात बाहेरचीच राहायचे. आणि ही गोष्ट या पक्षाला नवी नाही. १९९९ साली राष्ट्रवादी काँग्रेस जन्माला आली तीच मुळी सोनिया गांधी परदेशी जन्माच्या आहेत या मुद्द्यावर. लग्न करून आलेली बाई देशाची होऊ शकते का, हा तेव्हाचा प्रश्न. आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्याच काँग्रेसबरोबर राज्यात सरकार. बाईच्या परकेपणाचा मुद्दा सत्तेच्या हिशोबात किती सहज उचलता येतो आणि किती सहज खाली ठेवता येतो ते पाहा.

आपल्या जिल्ह्यात तर पक्ष फुटतात आणि घरे शाबूत राहतात. २०२४ च्या विधानसभेला नंदुरबार जिल्ह्याच्या चारही मतदारसंघांत गावित घराण्यातली एकेक व्यक्ती उभी होती : एक भाजपकडून, एक काँग्रेसकडून, दोघे अपक्ष. चारही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव. पाड्यावरच्या आदिवासी बाईने निवडायचे काय, पक्ष की भाऊ-पुतणी? हा दोष एकाच घराण्याचा नाही. जिल्ह्याच्या राजकारणात वडील, मुलगा, मुलगी ही साखळी सगळ्याच पक्षांत आहे. या घरांतल्या मुली पुढे येतात याचा मला आनंदच आहे. परंतु राखीव जागेवर बाप जिला आणेल तीच येणार असेल, तर ते बायकांचे राजकारणात येणे नव्हे.

बहिणीचेही तसेच. जून २०२४ मध्ये, लोकसभेत मार खाल्ल्यावर, ‘लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. महिना दीड हजार रुपये. त्या पैशांना नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. आमच्याकडच्या बायकांच्या हातात ते आले आणि तेल-मीठ-औषधाला लागले. पण शब्द पाहा. बहिणीला ओवाळणी मिळते, वाटणी मिळत नाही. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्यामुळे आदिवासी मुलीचा बापाच्या जमिनीतला हक्क आजवर रूढीवर सोडलेला आहे. त्याविषयी दोन फुटींनी घडवलेल्या चारही पक्षांपैकी कुणी आपला जाहीर शब्द दिला का?

ज्याला कुणी पेचप्रसंग म्हटले नाही

महाराष्ट्रात १९९० च्या दशकात स्थानिक संस्थांत बायकांना एक-तृतीयांश जागा मिळाल्या आणि २०११ पासून निम्म्या. बाईला सत्तेची चव मिळाली ती एवढ्या एकाच ठिकाणी. ओबीसी आरक्षणाच्या वादात २०२१ पासून या निवडणुका अडकू लागल्या. सरकार बदलल्यावर नव्या सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये आधीच्या सरकारने ठरवलेली महापालिकांची सदस्यसंख्या फिरवली, प्रकरण न्यायालयात गेले, २२ ऑगस्टला ‘जैसे थे’चा आदेश झाला आणि निवडणुका लटकल्या. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मतदान झाले १५ जानेवारी २०२६ ला. राज्यभर नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. नंदुरबार जिल्हा परिषदेची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली आणि तिथेही प्रशासक आला.

राज्यघटना सांगते, पाच वर्षांच्या आत निवडणूक घ्या. ती घेतली नाही. हजारो निवडून आलेल्या बायका घरी गेल्या, त्यांच्या जागी अधिकारी बसले. गावातली बाई अंगणवाडीच्या आहाराबद्दल, हातपंपाबद्दल, दारूच्या गुत्त्याबद्दल जिच्याकडे जात होती ती सदस्यच राहिली नाही. माझ्या कसोटीप्रमाणे गेल्या काही वर्षांतले महाराष्ट्राचे सर्वांत मोठे राजकीय अरिष्ट हे होते. फूट हे त्याचे एकमेव कारण नव्हते, पण फुटीच्या गदारोळात ते झाकले गेले. चाळीस आमदार कुठल्या हॉटेलात आहेत हे ज्यांना तोंडपाठ होते त्यांना आपल्या वॉर्डाला सदस्य नाही हे आठवत नव्हते.

आपण काय करायचे?

शहाद्याच्या मातीत एक उत्तर आहे. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. भूमिहीनांच्या मजुरीच्या आणि जमिनीच्या लढ्यातून पुढे आलेल्या आदिवासी बायकांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना गावासमोर उभे केले. त्यांनी कुणाचे सरकार येते याची वाट पाहिली नाही. पुढे त्या चळवळीतही मतभेद झाले, कार्यकर्त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पण मार खाणाऱ्या बाईने विचारायचे कुणाला, ही जागा त्या बायकांनी स्वतः निर्माण केली होती. फोडायचे काय आणि जोडायचे काय हे त्यांना चांगले कळत होते.

म्हणून पुढचा पक्ष फुटेल तेव्हा, आणि तो फुटेलच, आपण कुठल्या गटाच्या पत्रकावर सही करू नये, आणि गप्पही बसू नये. आपल्या मागण्या तयार असाव्यात :

ज्याने पक्ष सोडला त्याने आधी राजीनामा द्यावा आणि पुन्हा मतदारासमोर जावे. अपात्रतेचा निर्णय पक्षाच्या तिकिटावर आलेल्या अध्यक्षांकडे नको. तो स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे असावा, आणि तीन महिन्यांत लागावा.

खरा पक्ष ठरवताना आमदारांबरोबर नोंदणीकृत सदस्यांचीही मोजणी व्हावी. ज्या पक्षात निवडून आलेल्या महिला पदाधिकारी नाहीत त्याच्या घटनेला आयोगाने मान्यता देऊ नये.

सरकार पडो वा राहो, कौटुंबिक हिंसाचार, बालविवाह, कुपोषण यांसंबंधीच्या जिल्हा यंत्रणा आणि त्यांचा निधी एक दिवसही थांबता कामा नये. पालकमंत्री नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर बैठक घेऊन जाब द्यावा.

स्थानिक संस्थांची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे; नाही झाली तर त्या दिवसापासून आपले ठिय्ये जिल्हा परिषदेसमोर.

आणि एक आपल्या स्वतःसाठी. बचतगटाच्या बायकांना आज या गटाच्या, उद्या त्या गटाच्या सभेला गाडीत बसवून नेतात. पक्ष फुटला की गटही फुटतो, कर्जाची फेड अडते, शेजारणी बोलेनाशा होतात. वरची माणसे दोन वर्षांनी पुन्हा एका व्यासपीठावर हार घालून घेतात, खालच्या बायकांचे मात्र तुटलेले राहते. ही एक फूट थांबवणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. तेव्हा पुढच्या वेळी दारात गाडी आली की गटाच्या बैठकीत आधी विचारायचे : धडगावच्या त्या चव्वेचाळीस दिवसांत तुमच्यापैकी कोण आले होते? उत्तर मिळेपर्यंत गाडी रिकामी परत जाऊ द्यावी.